मंडळीची उमेदवार होऊ नकोस

मिरजेच्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"आदरणीय बाई, सलाम. मी एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. 2019 च्या पुरात आणि पुढे कोरोनात गल्लोगल्ली फिरले, त्यामुळे प्रभागातले लोक ओळखतात. आता महापालिकेसाठी एका पक्षानं तिकीट देऊ केलंय. नवऱ्याचा पाठिंबा आहे. पण पाळकसाहेब म्हणतात, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, राजकारण करायचं तर संडे स्कूल सोड. उलट मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, दोन वडील (कारभारी) म्हणतात, जूनमधल्या त्या भाषणानंतर आपल्याला आपला माणूस पाहिजेच, रविवारी भक्तीनंतर पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, तुझं नाव जाहीर करू. पक्षाला मंडळीतल्या कुटुंबांची यादी हवी आहे. जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू-महार आहे आणि जातीचा दाखलाही तसाच निघालाय. पण मी बाप्तिस्मा घेतलेली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती आहे. पक्षवाले म्हणतात, कागद बरोबर आहे ना, मग गप्प बसा. शिवाय गणपतीत मंडळांच्या आरतीला जावं लागेल, कामाच्या शुभारंभाला नारळ फोडावा लागेल. उभी राहू का? राहिले तर माझा विश्वास माझ्याजवळ राहील का?"

प्रिय मुली, सलाम.

उभी राहा. पण या जागेवर नको, आणि मंडळीची उमेदवार म्हणून तर मुळीच नको. माझं म्हणणं एवढंच आहे. पण तुझ्यावर चारी बाजूंनी माणसं बोलतायत, म्हणून प्रत्येकाला उत्तर देण्याइतकी सामग्री तुझ्या हाती असावी असं मला वाटतं.

आधी पाळकसाहेबांचं. त्यांनी सांगितलेलं वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, आणि ते खरं आहे. पण ते लिहिणाऱ्या पौलाला त्याच फिलिप्पै गावात काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात वाच. चौकशी न करता त्याला आणि सीलाला चारचौघांत फटके मारले, तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या यांना. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं, असं त्यानं सांगितलं. आणि ते आले, विनवण्या करत आले. ज्या माणसानं स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल लिहिलं, त्यानं पृथ्वीवरचं नागरिकत्व असं वापरलं. त्याला दोन्ही ठाऊक होती, आणि एकामुळे दुसरं रद्द होत नाही हेही ठाऊक होतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत तर हा वाद केव्हाच मिटायला हवा होता. पंडिता रमाबाई 1889 साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार इंग्रजांचं होतं, राणी ख्रिस्ती होती, मदत देणारे पुष्कळसे लोक विलायतेतले आणि अमेरिकेतले होते. गप्प बसायला यापेक्षा सोयीचं कारण कुणाला मिळालं नसतं. गोखल्यांनी विलायतेत प्लेगच्या जुलमाचा प्रश्न काढला तेव्हा बाईंच्या त्या पत्राचा आधार घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि आपल्या शेजारच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, तो ख्रिस्ताची भक्ती आणि देशावरचं प्रेम एकाच छातीत मावतं हे दाखवायलाच. तू सिस्टर आहेस म्हणून आणखी एक नाव सांगते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या, आणि दिल्लीचं एम्स त्यांच्या चिकाटीतून उभं राहिलं.

तेव्हा राजकारणात जाणं हे पाप नाही. पण पाळकसाहेबांना उडवून लावू नकोस. त्यांची भीती पोकळ नाही. मंडळी सत्तेच्या मांडीवर बसली की तिची जीभ जाते, हे जर्मनीत 1933 नंतर, हिटलरच्या काळात, जगानं पाहिलं. तिथल्या मोठ्या ख्रिस्ती गटानं राष्ट्राचा नेता आणि प्रभू यांच्यात फरकच ठेवला नाही. 1934 मध्ये बार्मेन गावात जमलेल्या थोड्या लोकांना, मंडळीचा प्रभू ख्रिस्तच आहे, दुसरा कुणी नाही, एवढी साधी गोष्ट लेखी जाहीर करावी लागली. पाळकसाहेब तुला अडवतायत ते कदाचित तुझ्यापेक्षा मंडळीला जपण्यासाठी असेल. त्यांना तसं विचारून बघ.

आता वडिलांचं, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगते. 2025 च्या जूनमध्ये सांगलीत एका आमदारानं जाहीर भाषणात, धर्मांतर करणाऱ्या धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांना लाखांची बक्षिसं बोलून दाखवली. जुलैमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजानं त्याचा निषेध केला. आपल्या भागातल्या पाळकांच्या घरी त्या दिवसांत काय वातावरण होतं ते मला माहीत आहे. घरगुती प्रार्थनेला जाताना लोक पिशवीतलं बायबल वर्तमानपत्रात गुंडाळत होते. तेव्हा 'आपला माणूस पाहिजे' असं वडिलांना वाटतं यात त्यांचं काही चुकत नाही. ज्यांना त्या दिवसांत रात्री झोप लागली नाही त्यांना कोरडा उपदेश करणारी मी नाही.

पण पुलपिटवरून नाव जाहीर करणं हा त्यावरचा उपाय नाही. पहिली गोष्ट कायद्याची. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा 1988 चा कायदा आहे. त्यानुसार कुठल्याही धार्मिक संस्थेला किंवा तिच्या व्यवस्थापकाला आपली जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही, वापरू देता येत नाही. संस्थेचा पैसाही पक्षासाठी खर्च करता येत नाही, संस्थेच्या सभेत किंवा सणात राजकीय काम करू देता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. लोकसभा-विधानसभेच्या 1951 च्या कायद्यात धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्टाचार आहे, आणि 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बहुमतानं सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी ते त्यातच येतं. आचारसंहितेतही मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर मना आहे. आपल्यावर आधीच नजरा रोखलेल्या आहेत. अशा वेळी तुझ्या प्रेमापोटी वडिलांनी केलेल्या एका घोषणेतून पाळकसाहेबांवर तक्रार दाखल व्हावी हे तुला चालेल का?

दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढ. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं. दरबारात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. नाथान संदेष्टा आला, गरिबाच्या एकुलत्या मेंढरीची गोष्ट सांगितली आणि राजाच्या तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. नाथानाला हे बोलता आलं कारण दाविदाच्या गादीत त्याचा वाटा नव्हता. मंडळीनं तुला निवडून आणलं की मंडळीचा वाटा झाला. मग तू पहिलं चुकीचं टेंडर सोडशील तेव्हा वडील म्हणतील, जाऊ दे, आपलीच आहे, दफनभूमीची भिंत बांधून देणार आहे. तुला टोकणारं घर तुझ्याच हातानं बंद होईल. सत्तेत जाणाऱ्या माणसाला मतं देणारे पुष्कळ मिळतात, टोकणारा मिळत नाही. ते एक घर तुझ्यासाठी राखून ठेव.

म्हणून कुटुंबांची यादी देऊ नकोस. ती यादी अर्पणाच्या, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदींतून निघते. लोकांनी आपली नावं देवाच्या घरात लिहिली आहेत, पक्षाच्या कार्यालयात नाही. मतदार यादी कुणालाही मिळते, पक्षानं ती घ्यावी. आणि एक लक्षात ठेव, त्या बाकांवर तुझ्या पक्षाला कधीच मत न देणारी माणसंही बसतात. प्रभूच्या बारा शिष्यांत रोमी सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि रोमी सत्ता उलथवायला निघालेल्यांतला शिमोन जिलोतही होता. दोघे एकाच ताटात भाकरी बुडवत होते. प्रभूभोजनाच्या रांगेत तुझ्या मागे उभ्या असलेल्या बाईनं विरोधी पॅनेलचा बिल्ला लावला असेल, तरी तिला ती रांग परकी वाटता कामा नये.

यातून संडे स्कूलचंही उत्तर निघतं. प्रचाराच्या काळात वर्ग दुसऱ्या बाईकडे दे, कारण मुलांच्या हातून आईबापांपर्यंत निरोप जातात आणि लोक तसं म्हणणारच. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, असशील तर राजीनामा दे, आणि निवडून आलीस तर मुदत संपेपर्यंत परत जाऊ नकोस. निवडणूक झाल्यावर मुलांचा वर्ग मात्र खुशाल पुन्हा घे. पाळकसाहेबांना हे आपणहून जाऊन सांग. त्यांनी काढून टाकण्याची वाट पाहू नकोस.

आता दाखल्याचं. तू पत्रात यावर चारच ओळी लिहिल्या आहेस, पण तुझी झोप यावरच उडाली आहे असं मला वाचताना वाटलं.

त्यामागचा अन्याय आधी नीट मांडू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं आपल्या आजोबांना वेगळी विहीर दिली नव्हती, वस्ती तीच, काम तेच, पंगतीतलं अंतरही तेच. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये धर्माची ही अट काढायची शिफारस केली, ती कागदावर राहिली. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. अशा स्थितीत कुणा आजोबांनी मुलांच्या शिक्षणासाठी, शिष्यवृत्तीसाठी शाळेत जुनीच जात लिहिली असेल, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. त्या लिहिण्यामागे भूक होती. अशी घरं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत आणि त्यांनी मान खाली घालावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण मुली, तू आता शिष्यवृत्ती मागत नाहीस. तू लोकांचं प्रतिनिधित्व मागते आहेस, आणि त्यासाठी अर्जासोबत शपथेवर लिहून द्यायचं आहे. शपथपत्रावर सही करताना तुझ्या मनात तुझा बाप्तिस्मा येईल. येणारच. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा चालणार नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी करणारा 2000 सालचा कायदा आहे. दाखला खोटा ठरला तर राखीव जागेवरची निवड रद्द होते आणि कैदेची शिक्षाही आहे. व्हॅलिडिटीच्या, म्हणजे या पडताळणीच्या, वेळी विरोधक तुझे नाताळचे फोटो समितीपुढे ठेवतील. पक्षवाले 'गप्प बसा' म्हणतायत, पण समितीपुढे ते तुझ्या शेजारी उभे राहणार नाहीत.

समज, पकडलं गेलं नाही. तरी काय होईल ते बघ. मंडळीत निम्म्या लोकांना माहीत असेल. ज्याला ज्याला माहीत असेल त्याचा तुझ्यावर हक्क बसेल. कुणी नळाचं कनेक्शन मागेल, कुणी पोराची नोकरी, आणि तू नाही म्हणालीस तर तो फक्त हसेल. नाथान तुझ्या दारात येऊ शकणार नाही, कारण सुरुवातीचं गुपित त्यानंही सांभाळलं असेल. आणि ती जागा जिच्यासाठी आहे ती तुझ्याच प्रभागातली दलित बाई, कदाचित तुझ्याबरोबर पुरात फिरलेली, तिचा हक्क तू घेतलेला असेल. आपल्यावर अन्याय झाला म्हणून तो भरून काढायला आपण तिच्यासमोरचं ताट ओढू शकत नाही.

यावर वाट आहे. आपल्या महापालिकेत बहुतेक प्रभागांत चारचार जागा असतात. त्याच प्रभागातल्या सर्वसाधारण महिला जागेवर तिकीट माग. इतर मागासवर्गाच्या यादीत अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी काय तरतूद आहे आणि तुझी कागदपत्रं त्यात बसतात का, हे निवडणुकीची कामं करणाऱ्या वकिलाला आधी विचार. पक्ष कुरकुर करेल, सर्वसाधारण जागेवर खर्च जास्त, चुरस जास्त. करू दे. आणि निवडून आलीस, तर 1950 च्या आदेशातली ती अट काढण्यासाठी तू उघडपणे, ख्रिस्ती म्हणून, सही करू शकशील. आज जो दाखला दाखवून तू आत जाशील, तो उद्या तुझं तोंड बंद करेल.

आरती आणि नारळाचीही तुला बरीच काळजी वाटते असं पत्रावरून दिसतं. मला ती सगळ्यात कमी वाटते. अरामच्या राजाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाला, इस्राएलाच्या देवाशिवाय दुसऱ्या कुणाला बळी वाहणार नाही असं त्यानं ठरवलं. मग त्यानं अलीशाला विचारलं, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा होईल ना? अलीशानं त्याला ना नियमावली दिली ना ताकीद. शांतीनं जा, एवढंच सांगितलं. मला बायबलमधली ही फार मोठी जागा वाटते. सरकारी माणसाचा पेच देवाच्या माणसाला कळला होता.

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीला सगळा जिल्हा लोटतो. तिथे नगरसेविकेनं घरी बसायचं नसतं. जा. रात्रभर जागणाऱ्या पोरांना पाणी दे, प्रथमोपचाराची पेटी घेऊन बस, ते तुझंच काम आहे. आरती चालू असेल तर लोकांच्या मानासाठी शांत उभी राहा. ताट हातात घ्यायची वेळ आली तर मंडळाच्या अध्यक्षांना आधीच सांगून ठेव, दादा, मी ख्रिस्ती आहे, आरती तुमच्या आईंच्या हातून होऊ दे, मी शेजारी उभी राहते. आपल्याकडची माणसं हे समजून घेतात. खोटं करणारा ती लगेच ओळखतात, आणि सरळ सांगणाऱ्याला मान देतात. नारळाचंही तेच. गटारीच्या कामाचा शुभारंभ असेल तर त्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना नारळ वाढवायला सांग, कारण वीस वर्षं त्या गटारीचा वास त्यांनी सोसला आहे. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आणि बुद्धजयंतीलाही हीच रीत ठेव. एका ठिकाणी वाकून दुसऱ्या ठिकाणी ताठ राहिलीस तर तो विश्वासाचा प्रश्न उरत नाही, मतांचा होतो.

तुझा विश्वास खरा कुठे कसाला लागेल ते सांगू? बांधकाम परवानग्यांच्या टेबलावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. तू त्या पाण्यातून फिरली आहेस. पूररेषेच्या आत कुणाचा प्लॉट मंजूर करायचा, पावसाचं पाणी वाहून जायचा ओत कुणी मुरमानं बुजवला, गुंठेवारीतल्या घरांना ड्रेनेज आधी की बड्या लेआऊटला रस्ता आधी, शेरीनाल्याचं घाण पाणी कृष्णेत जातं त्यावर किती वर्षं फक्त निविदा काढायच्या, हे प्रश्न सभागृहात येतील. आणि ते येण्याआधी एक माणूस तुझ्या घरी मिठाईचा बॉक्स घेऊन येईल. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय हाच आहे. नाबोथाचा मळा राजवाड्याला लागून होता, अहाबाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता, आणि ईजबेलनं खोटे साक्षीदार उभे करून सगळं कायदेशीर करून दिलं. आपल्या मिशनच्या जुन्या जागांवरही आज तशाच नजरा आहेत. त्या वाचवणं चांगलंच. पण चर्चची जागा वाचवणारी आणि ओतावरच्या झोपड्यांबद्दल गप्प बसणारी नगरसेविका ख्रिस्ती राजकारण करते असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच 'आपला माणूस' या शब्दाला मी भिते. यिर्मयानं बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं. त्या शहरानं त्यांना घरादारातून उपटून नेलं होतं, मंदिराचा खजिना लुटला होता. तरी त्यानं लिहिलं, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. घटना समितीतही आपल्या लोकांनी याच वाटेनं विचार केला. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांसाठी राखीव मतदारसंघ ठेवायचे की नाही यावर 1949 मध्ये निर्णय झाला, तेव्हा ते सोडून द्यावेत या बाजूचे ते होते. शेजाऱ्यांच्या मतांवर निवडून यावं, स्वतःच्या कोपऱ्यात नाही, हा त्यामागचा विचार. तो भाबडा होता असं आज कुणी म्हणेल. मला तो धीराचा वाटतो. वडिलांना सांग, त्या भाषणाला उत्तर द्यायचं असेल तर ते हेच, की दहा गल्ल्यांतल्या सगळ्या धर्मांच्या बायांनी एका ख्रिस्ती सिस्टरला विश्वासानं निवडून दिलं. पुन्हा तसं काही बोललं गेलं तर सभागृहात उभी राहून निषेध कर, पोलिसांत तक्रार दे, घटनेचं कलम 25 वाचून दाखव. पण ज्या दिवशी मुसलमान भाजीवाल्याच्या गाडीवर किंवा मातंग वस्तीवर कुणी हात टाकेल, त्या दिवशीही तितक्याच मोठ्यानं बोल.

पैशाबद्दल थोडं बोलते, कारण तू त्याचा उल्लेखही केला नाहीस. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं वाटली जातात आणि आपल्या वस्तीतले लोकही ती घेतात. तुझ्या नावानं कुणी वाटणार नाही, हे पक्षाच्या शहराध्यक्षांना, अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हातात येण्याआधी, साक्षीला दोन माणसं ठेवून सांग. त्याच बैठकीत हेही सांग की कुठल्याही जातीधर्माला शिवी देणाऱ्या व्यासपीठावर मी बसणार नाही. उद्या कुणी मतदारांना बायबलवर हात ठेवून शपथ घालायला निघालं तर त्याचा हात तू स्वतः धर. या अटी ऐकून त्यांनी तिकीट दुसरीला दिलं तर तुला कळेल की ते तुला का हवं होतं.

हरलीस तर काय, हे तू विचारलं नाहीस, तरी घरात ते आत्ताच बोलून ठेव. घर गहाण टाकायचं नाही, नवऱ्याच्या पीएफला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ड्यूटीवर जायचं. ज्यांनी मत दिलं नाही त्यांचंही इंजेक्शन त्याच हातानं द्यायचं.

या आठवड्यात दोन कामं कर. वकिलाला भेटून दुसऱ्या जागेचं काय होतं ते पाहा. आणि पक्षाला उत्तर देण्याआधी नवऱ्याला घेऊन पाळकसाहेबांकडे जा, त्या दोन वडिलांनाही बोलाव. पुलपिट नको, यादी नको, तो दाखला नको, हे तिथे तूच आधी सांग. मग पाळकसाहेबांकडे एक मागणं माग: बाई, तू चुकते आहेस, असं मला तोंडावर सांगणारी दोन-तीन माणसं मंडळीतून निवडून द्या, त्यांत माझ्या पक्षाचं कुणी नको, माझ्या नात्यातलं नको, आणि एक तरी बाई हवी. महिन्यातून एकदा मी त्यांच्यासमोर बसेन, कुठल्या ठरावाला हात वर केला आणि का, ते सांगेन. सर्वसाधारण जागेवर तिकीट मिळालंच नाही तर या वेळी नाही म्हण, आणि पुरात तुझ्याबरोबर फिरलेली ती दलित मैत्रीण राखीव जागेवर उभी राहत असेल तर तिच्या प्रचाराला जा. काय ठरलं ते कळव.

सलाम.
तुझी बाई